गूजबेरी नावाची आवळ्याची मोट

मराठीत 'आवळ्याची मोट' असा एक वाक्प्रचार आहे. गोल, गुळगुळीत आवळे फडक्यात कितीही घट्ट बांधले तरी एक आवरताना दुसरा निसटतो. ज्यांचे एकमेकांशी जुळत नाही अशा माणसांना एकत्र ठेवण्याचा खटाटोप म्हणजे आवळ्याची मोट. मंडळाचे काम केलेल्या वाचकांना हा अर्थ अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी.

इंग्रजांनी मात्र फळांचीच अशी एक मोट बांधली आणि तिला 'गूजबेरी' हे नाव दिले. आपला आवळा म्हणजे 'इंडियन गूजबेरी'. उत्तरेत रसभरी म्हणून विकले जाणारे पिवळे फळ म्हणजे 'केप गूजबेरी'. आज बाजारात किवी म्हणून मिळते ती एके काळी 'चायनीज गूजबेरी' होती. आणि ज्या फळाचे हे नाव मुळात आहे, ती इंग्लंडातली खरी गूजबेरी आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिली असेल. चारही फळांची कुळे वेगळी, मायदेश वेगळे. मग ती एका नावाखाली आली कशी, आणि त्याने आपले काय बिघडले, हे या लेखात थोडक्यात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे. आम्ही पडलो बांधकाम पदविकेचे. वनस्पतिशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. पण फळांच्या नावांतून इतिहास वाचण्याची गोडी लागली आहे, ती वाचकांपर्यंत पोहोचवावी एवढाच हेतू.

खरी गूजबेरी

खरी गूजबेरी हे युरोपातले काटेरी झुडूप. उंची माणसाच्या छातीपर्यंत. फळ साधारण बोराएवढे, हिरवट, उन्हात धरले तर आरपार दिसेल असे. देठापासून खालच्या टोकापर्यंत फिकट रेषा, कधी अंगावर बारीक लव, आत पुष्कळ लहान बिया. कच्चे असताना चांगलेच आंबट, पिकले की गोडसर. जातीप्रमाणे रंग हिरवा, पांढरट, पिवळा किंवा लाल.

इंग्रजी नावातल्या 'गूज'चा, म्हणजे हंसबदकाचा, या फळाशी काय संबंध, यावर भाषातज्ज्ञांचे आजही एकमत नाही. काहींच्या मते ते 'ग्रोझेय' या फ्रेंच शब्दाचे बदललेले रूप आहे. फ्रेंच लोक या फळाला ज्या नावाने ओळखतात त्याचा अर्थ मात्र सरळ आहे: 'मॅकरेलची ग्रोझेय'. मॅकरेल म्हणजे आपल्या बांगड्याचा अटलांटिक महासागरातला भाऊबंद. त्या तेलकट माशाबरोबर या आंबट फळाचे कालवण खाण्याची तिकडे रीत होती. चवथीच्या दिवसांत बांगड्याचे नाव काढू नये, पण इतिहासाला सोवळे पाळता येत नाही. बांगड्याला आंबटाची जोड हवी, हे आपल्याकडे सोले आणि बिंबले वापरणाऱ्या गृहिणीला जसे कळले तसेच ते फ्रान्सच्या किनाऱ्यावरही कळले होते.

तेराव्या शतकात इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने बागेसाठी गूजबेरीची झुडपे फ्रान्सहून आणवल्याची नोंद आहे. पण या फळाला खरे वैभव दिले ते राजाने नव्हे, विणकरांनी. अठराव्या शतकाच्या मध्यापासून लँकेशायर, चेशायर आणि आसपासच्या भागांत हातमागावर काम करणाऱ्या आणि इतर कष्टकरी माणसांनी गूजबेरीची मंडळे काढली. घरामागच्या वीतभर जमिनीत झुडपे लावायची, बियांपासून नव्या जाती काढायच्या आणि वर्षातून एकदा गावातल्या दारूच्या गुत्त्यात तराजू मांडून कोणाचे फळ सर्वांत जड ते ठरवायचे. बक्षीस तांब्याची किटली. लाल, पिवळ्या, हिरव्या आणि पांढऱ्या फळांचे गट वेगळे. फळ वाढावे म्हणून झुडपावर मोजकीच फळे ठेवत. काही जण फळाच्या टोकाखाली पाण्याची बशी ठेवत, म्हणजे गारवा राहावा. झुडपे लहान मुलासारखी सांभाळत.

या मंडळांचे वजनाचे निकाल दरवर्षी छापून निघत. त्यामुळे एक मोठी गोष्ट साध्य झाली. चार्ल्स डार्विनला 1868 मध्ये पाळीव प्राणी आणि लागवडीच्या वनस्पती यांत कसा बदल होतो यावर ग्रंथ लिहिताना पुरावा हवा होता. तो त्याला या विणकरांच्या याद्यांत सापडला. रानटी गूजबेरीचे वजन आजच्या मापात सुमारे 8 ग्रॅम. 1786 मध्ये बक्षिसाचे फळ त्याच्या दुप्पट झाले होते. 1817 मध्ये ते सुमारे 41 ग्रॅमवर पोहोचले. आणि 1852 मध्ये 'लंडन' नावाच्या जातीचे एक फळ 58 ग्रॅम भरले, म्हणजे रानटी फळाच्या सातपटीहून अधिक. माणसाने पिढ्यानपिढ्या निवड केली तर वनस्पती किती बदलते, हे दाखवायला डार्विनने ही आकडेवारी जशीच्या तशी मांडली. फारसे न शिकलेल्या माणसांनी छंदापायी जपलेल्या नोंदी विज्ञानाच्या कामी आल्या. स्मरणिकेचे अहवाल आणि हिशेब कंटाळून लिहिणाऱ्या आमच्यासारख्या कार्यकर्त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतून भुरी रोग युरोपात आला आणि गूजबेरीच्या बागा झपाट्याने गेल्या. मंडळे ओस पडली, कित्येक जातींची आता नावेच उरली आहेत. अमेरिकेत तर पाइन वृक्षांच्या तांबेरा रोगाला हे झुडूप आश्रय देते म्हणून दुसऱ्या दशकात लागवडीवर केंद्रीय बंदी आली, ती 1966 पर्यंत टिकली. तरीही यॉर्कशायरमधल्या एग्टन ब्रिज या खेड्यात 1800 साली सुरू झालेले गूजबेरीचे प्रदर्शन आजही भरते.

नाव जहाजात बसले

अशा या घरगुती, लाडक्या फळाचे नाव इंग्रज माणूस जगभर बरोबर घेऊन गेला. परक्या मुलुखात काही गोल, आंबटगोड दिसले की त्याला घर आठवे आणि तो तेच नाव चिकटवी.

केप गूजबेरी मूळची दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडची, पेरू आणि कोलंबिया या भागातली. कागदासारख्या आवरणात बसलेले हे पिवळे फळ वांगी आणि टोमॅटोच्या कुळातले. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप ऑफ गुड होपच्या वसाहतीत, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याची लागवड होत होती. तेथून ते ऑस्ट्रेलियाला गेले. म्हणून नावात 'केप'. पेरूचे फळ, आफ्रिकेचे आडनाव आणि इंग्लंडचे नाव, असा हा प्रवासी आहे.

किवीची कथा त्याहून गमतीची. चीनमधल्या या वेलीच्या बिया 1904 मध्ये इझाबेल फ्रेझर या न्यूझीलंडच्या मुख्याध्यापिका चीनमधून परतताना घेऊन आल्या. 1910 च्या सुमारास त्या वेलींना फळे धरली. चव पाहून लोकांनी नाव दिले 'चायनीज गूजबेरी'. पुढे अमेरिकेला निर्यात सुरू झाली तेव्हा हे नाव अडचणीचे वाटू लागले. चीनचे नाव त्या काळात अमेरिकेत खपण्यासारखे नव्हते. 'मेलोनेट' असे दुसरे नाव सुचले, तर टरबूज-खरबुजावर तिकडे आयातकर. अखेर 1959 मध्ये ऑकलंडच्या टर्नर्स अँड ग्रोअर्स या व्यापारी कंपनीने 'किवीफ्रूट' हे नाव निवडले. न्यूझीलंडच्या पक्ष्याचे नाव चीनच्या फळाला मिळाले आणि जगाने ते मान्य केले.

म्हणजे नाव ही नेहमीच निसर्गाने दिलेली गोष्ट नसते. कोणी घरच्या आठवणीने देतो, कोणी जकात वाचवण्यासाठी बदलतो.

आवळ्याचे स्वतःचे नाव

आता आपल्या आवळ्याकडे येऊ. आवळा आणि गूजबेरी यांत साम्य काय? दोन्ही गोल, हिरवट, अंगावर उभ्या रेषा असलेली, आंबट. साम्य एवढेच. गूजबेरी काटेरी झुडपावर लागते, आवळ्याचा चांगला वृक्ष होतो. गूजबेरीत अनेक बिया, आवळ्यात एकच कठीण आठळी. आवळ्याचे खरे नातलग म्हणजे आपल्या अंगणात पावसाळ्यात उगवणारी भुईआवळी आणि परसातला रायआवळा. पण रायआवळ्यालाही इंग्रजीत 'स्टार गूजबेरी' म्हणतातच. मोटेत आणखी एक.

आवळ्याला नावाची कमतरता कधीच नव्हती. छांदोग्य उपनिषदात मुठीत धरलेल्या दोन आवळ्यांचा दृष्टान्त आहे. चरकसंहितेत च्यवनप्राशासाठी पाचशे आवळे सांगितले आहेत. सम्राट अशोकाच्या अखेरच्या दिवसांची बौद्ध कथा अशी की, सत्ता हातून गेल्यावर त्याच्यापाशी फक्त अर्धा आवळा उरला आणि तोही त्याने संघाला दान केला. देवळाच्या शिखरावर कळसाच्या खाली जो खाचांचा गोल दगड असतो, त्याला शिल्पशास्त्रात 'आमलक' म्हणतात. एखादी गोष्ट अगदी स्पष्ट समजली तर संस्कृतात ती 'हस्तामलक' झाली असे म्हणत. तळहातावरच्या आवळ्याइतकी स्पष्ट.

हे 'आमलक' नाव पश्चिमेला गेले. फारशीत 'आमला', अरबी वैद्यांच्या ग्रंथांत 'अमलज' आणि तेथून युरोपातल्या लॅटिनमध्ये 'एम्ब्लिका'. वाळवलेला आवळा औषध म्हणून अरब व्यापाऱ्यांमार्फत युरोपात पोहोचत होता. तिथल्या औषधविक्यांनी हिरडा, बेहडा आणि आवळा या साऱ्यांना मिळून 'मायरोबलान' असे एकच नाव दिले होते. म्हणजे गूजबेरीच्या आधीही एक मोट होतीच. फळे वाळून, सुरकुतून येत. झाड कोणी पाहिलेले नसे.

ही पहिली मोट सोडण्याच्या कामात आपल्या गोव्याचा मोठा वाटा आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये गोव्यात आला आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे 1568 पर्यंत, येथेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडेही त्याचे वैद्य म्हणून जाणे-येणे होते. देशी वैद्य आणि हकीम यांच्याशी तो बोले, झाडे स्वतः पाही. 1563 मध्ये गोव्यातच छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात मायरोबलानांवर स्वतंत्र प्रकरण आहे. युरोपात एकाच नावाने जाणारी ही फळे निरनिराळ्या झाडांची आहेत हे तो बजावतो आणि प्रत्येकाचे इथले नाव देतो. आवळ्यासाठी त्याने नोंदवलेले नाव पोर्तुगीज लिपीतूनही आपल्या 'आंवळे' या उच्चाराच्या अगदी जवळचे वाटते. साडेचारशे वर्षांपूर्वी कोण्या वैद्याने किंवा दासीने उच्चारलेला शब्द त्याने कानांनी टिपला होता. ओर्ताचे कुटुंब मूळचे ज्यू. त्याच्या मृत्यूनंतर 1580 मध्ये इन्क्विझिशनने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. पणजीतल्या ज्या उद्यानाला त्याचे नाव आहे, तेथून जाता-येता हे आठवावे.

यानंतरचा टप्पा कोचीचा. डच गव्हर्नर व्हॅन र्‍हीड याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा 'हॉर्टस मलबारिकस' सिद्ध केला. पहिला खंड 1678 मध्ये ॲमस्टरडॅमला छापला गेला. या कामात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि आप्पू भट हे तीन कोकणी ब्राह्मण होते. त्यांची साक्ष पहिल्या खंडात नागरी लिपीत, कोकणी भाषेत छापली आहे. ज्यांचे पूर्वज गोवा सोडून दक्षिणेस गेले, त्यांच्या अक्षरांनी नावे खरी असल्याची हमी दिली. या ग्रंथात आवळा त्याच्या मल्याळी 'नेल्लि' नावाने आला आहे.

पुढे 1753 मध्ये स्वीडनच्या लिनिअसने जगातल्या वनस्पतींची शास्त्रीय नावे ठरवली तेव्हा आवळ्याला नाव दिले 'फायलँथस एम्ब्लिका'. म्हणजे आज जपानपासून ब्राझीलपर्यंत कोणीही आवळ्याचे शास्त्रीय नाव घेतो तेव्हा तो आपलाच 'आमलक' उच्चारत असतो. ज्या फळाचे नाव असे शास्त्रात कायम झाले आहे, त्याला 'भारतीय गूजबेरी' म्हणून दुसऱ्याच्या नावावर का जगावे लागावे?

नावाने काय बिघडते

कोणी म्हणेल, नावात काय आहे? आहे, आणि त्याचे मापही देता येते. युरोपातल्या गूजबेरीच्या 100 ग्रॅममध्ये क जीवनसत्त्व सुमारे 28 मिलिग्रॅम. आवळ्यात आपल्या जुन्या आहारतक्त्यांप्रमाणे 600, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्याप्रमाणे सुमारे 250 मिलिग्रॅम. कमीत कमी धरले तरी नऊपट. परदेशी पुस्तकातला 'गूजबेरी'चा आकडा आवळ्याला लावला, किंवा आवळ्याचा गुण गूजबेरीच्या मुरंब्याच्या बाटलीला चिकटवला, तर फसगत रोग्याचीच.

दुसरे उदाहरण आमच्या कामातले. काही वर्षांपूर्वी एका गावात रस्ता रुंदीकरणाच्या वेळी आम्ही मोजमापासाठी जागेवर होतो. तोडायच्या झाडांची यादी इंग्रजीत होती. तिच्यात एक ओळ: 'गूजबेरी, तीन'. बरोबरचे मुकादम आणि मजूर विचारू लागले, हे झाड कोणते? शेवटी वाड्यावरच्या एका आजीने दाखवले. तीन जुने आवळे होते. तुळशीच्या लग्नाला सगळ्या वाड्याला आवळ्याच्या फांद्या तेथूनच जात, हेही तिनेच सांगितले. याच यादीची नोटीस महिनाभर फळ्यावर होती. ती वाचणाऱ्यांपैकी कोणालाच ही आपलीच झाडे आहेत हे कळले नव्हते, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. यादी कोणत्या कचेरीत तयार झाली हे येथे महत्त्वाचे नाही. ती खोटीही नव्हती. पण ज्या माणसांची ती झाडे होती त्यांना ओळखता येईल असे तिच्यात काही नव्हते. तीनही झाडे गेली. भरपाई म्हणून जी रोपे लावली त्यांत आवळा नव्हता, कारण 'गूजबेरी'ची रोपे रोपवाटिकेत मिळत नाहीत.

बाजारात मोठाले, चकचकीत आवळे येतात ते बहुतेक लागवडीच्या जातींचे. बनारसी, चकैया, फ्रान्सिस, नरेंद्र-7 अशी त्यांची नावे, आणि उत्तर प्रदेशातला प्रतापगड जिल्हा त्यांसाठी प्रसिद्ध. लँकेशायरच्या विणकरांनी जे गूजबेरीचे केले तेच येथे निवडीने आवळ्याचे झाले. ते चांगलेच आहे. पण आपल्या रानातला लहान, अधिक तुरट आवळा म्हणजे मूळ बियाणे. भुरीने गूजबेरीच्या जाती गेल्या तशी पाळी आली, तर माणसाला पुन्हा रानाकडेच वळावे लागते. ते झाड ओळखणारी माणसे तेव्हा हवीत.

माटोळीची शाळा

ती माणसे तयार करणारी शाळा आपल्या घरात आहे. चवथीला गणपतीच्या डोक्यावर आपण माटोळी बांधतो. नारळ, सुपारीचे शिपटे, तोरिंग, चिबूड यांबरोबर माट्टी, कांगल्या, घागऱ्यो, कवंडळ अशी रानातली फळे आणि कुठे कुठे कोवळ्या आवळ्यांचा डहाळा. राज्याच्या कला आणि संस्कृती संचालनालयातर्फे माटोळीची स्पर्धाही होते. पुढे कार्तिकात तुळशीच्या लग्नाला ऊस, चिंच आणि आवळा हवाच. त्याआधी आवळा खायचा नाही असा घरोघरचा दंडक. फळ तयार होण्याआधी झाड ओरबाडले जाऊ नये, हे शहाणपण त्या दंडकात आहे.

पण फळ टांगले आणि नाव सांगितले नाही, तर ही शाळा मुकी राहते. म्हणून एक सूचना. यंदा आपल्या मंडळाच्या माटोळीत प्रत्येक फळाशेजारी एक चिठ्ठी लावावी. तिच्यावर त्याचे मराठी नाव, कोकणी नाव, असल्यास शास्त्रीय नाव आणि ते कोणत्या वाड्यावरून, कोणी आणले ते लिहावे. विसर्जनानंतर त्या चिठ्ठ्या वहीत चिकटवून मंडळाच्या कपाटात ठेवाव्यात. दहा-वीस वर्षांनी कोणती फळे यायची थांबली, कोणत्या वाड्यावरचे झाड गेले, हे त्या वहीतून समजेल. चिठ्ठ्या लिहिण्याचे काम मुलांना द्यावे आणि नावे सांगण्याचे आज्यांना. या कामासाठी वही आणि कार्डे पुरवण्याची जबाबदारी आम्ही घेत आहोत. पहिली चिठ्ठी आवळ्याची असेल: मराठीत आवळा, कोकणीत आंवाळो.